खाण आणि चुंबक यांच्यामधलं मीठ

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि ते असलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. पुढच्या काही महिन्यांत चाकणपासून चेन्नईपर्यंतच्या वाहन उद्योगाच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर दोन तऱ्हेने बोलले जाते. एक बाजू म्हणते, खाणी उघडा, पैसा घाला, गिऱ्हाइकाची हमी द्या. रसायनशास्त्र काय, पुस्तकात आहेच. दुसरी म्हणते, घोडे पेंड खाते ते रसायनातच, आणि तेही खनिज आणि धातू यांच्यामध्ये असलेल्या एका मिठापाशी. ते मीठ म्हणजे क्लोराइड.

खालच्या संवादातली मावशी निवृत्त प्राध्यापिका आहे. तिने आयुष्यभर असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले. भाचा चाकणच्या एका मोटर कारखान्यात खरेदी बघतो. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. त्यांच्या तोंडची माहिती तशी नाही.

भाचा : मावशी, स्पष्ट बोलतो. मला चुंबक हवंय. रोटरमध्ये बसणारं, मोटर तापली तरी ताकद न सोडणारं. त्याआधी ते खाणीत होतं, टाकीत होतं की तुझ्या प्रयोगशाळेतल्या बाटलीत, याच्याशी मला कर्तव्य नाही. क्लोराइड ही मधली पायरी. पायरीवर कोणी मुक्काम करतं का?

मावशी : तुझा माल अडला कुठे?

भाचा : परवान्यात.

मावशी : परवाना कोणत्या धातूंवर होता, ते आठव. समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. यात निओडिमियम कुठे आहे?

भाचा : नाहीये. पण आमच्या चुंबकात निओडिमियमबरोबर थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम असतंच. ते नसेल तर तापल्यावर चुंबक ढेपाळतं. आणि ते असलं की अख्खं चुंबक परवान्यात येतं.

मावशी : म्हणजे चिमूटभर डिस्प्रोसियमपायी लाइन थांबली. आता हे डिस्प्रोसियम त्याच्या भाऊबंदांपासून वेगळं काढतात ते कोणत्या रूपात? खनिजाच्या नाही, धातूच्याही नाही. आम्लात विरघळलेल्या मिठाच्या, बहुतेक ठिकाणी क्लोराइडच्या रूपात. तुझी लाइन त्या टाक्यांपाशी थांबली होती. टाक्या त्यांच्याकडे आहेत, म्हणून परवानाही त्यांच्याकडे आहे.

भाचा : टाक्या विकत मिळतात. मला मुळापासून सांग. आपल्याकडे खनिज आहे ना?

मावशी : आहे. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे.

भाचा : आपल्या रत्नागिरीलाही काळी वाळू आहे की.

मावशी : ती मुख्यतः इल्मेनाइटची. तो टायटॅनियमचा धंदा. मोनाझाइटची श्रीमंती खाली दक्षिणेला आणि पूर्वेला. मोनाझाइट हे फॉस्फेट. पाण्यात विरघळत नाही, साध्या आम्लाला दाद देत नाही. म्हणून ते बारीक दळून कडक कॉस्टिक सोड्यात तापवतात. फॉस्फेट सोड्याबरोबर पाण्यात उतरतं, त्याचा ट्रायसोडियम फॉस्फेट होतो आणि विकला जातो. मागे उरतात हायड्रॉक्साइडं, आणि त्यात थोरियमही असतं. मग हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, पण हात राखून. आम्ल बेताचं असलं की दुर्मीळ मृदा विरघळतात आणि थोरियम गाळात राहतं. हा गाळ केरळातल्या आलुव्याहून आपल्या ट्रॉम्बेला यायचा. १९५५ पासून तिथे थोरियमचा कारखाना होता. इकडे द्रावणात रेडियमचा अंश उरलेला असतो. बेरियम सल्फेटचा साका पाडला की रेडियम त्याच्याबरोबर खाली बसतं. सल्फाइडने शिसं काढतात. एवढं झाल्यावर द्रावण आटवायचं. हाती येतं मिश्र क्लोराइड.

भाचा : हे आपण कधीपासून करतोय?

मावशी : आलुव्याचा कारखाना डिसेंबर १९५२ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० ची.

भाचा : मग हेच तर माझं म्हणणं आहे! १९५२ साली मीठ हातात होतं. ज्ञान होतं, माणसं होती. निओडिमियमची चुंबकं जगात आली १९८३-८४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे तीस वर्षांची आघाडी होती. तरी चुंबक कुठेय? अडचण रसायनाची असती तर आपण पहिले असतो. अडचण धंद्याची होती.

मावशी : हातात मिश्र मीठ होतं. शंभर भाग ऑक्साइडात मोजलंस तर निम्म्याच्या जवळ सेरियम, पावएक लॅन्थॅनम, पाचातला एक भाग निओडिमियम, थोडं प्रासिओडिमियम आणि तुझं डिस्प्रोसियम नखभर. या सगळ्यांची खिचडी विकून चुंबक होत नाही. खिचडीतून एकेक दाणा वेचावा लागतो, आणि इथे दाणे दिसायला, वजनाला, चवीला सारखे.

भाचा : सारखे म्हणजे किती सारखे? लोखंड आणि निकेलही शेजारी असतात. वेगळे होतात.

मावशी : त्यांच्याइतकं सोपं नाही. लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे आयन तीन धनभारांचे. फरक फक्त आकाराचा. लॅन्थॅनमच्या आयनाची त्रिज्या १०३ पिकोमीटर, ल्युटेशियमची ८६. चौदा घरं ओलांडून फरक सतरा पिकोमीटरचा. प्रासिओडिमियम आणि निओडिमियममध्ये तर पुरता एक पिकोमीटरही नाही. १८४१ मध्ये मोसांडरला स्वीडनमध्ये ‘डिडिमियम’ सापडलं. पुढची चाळीसेक वर्षं लोक त्याला एकच मूलद्रव्य समजत होते. १८८५ मध्ये व्हिएन्नात आउअर फॉन वेल्सबाखने त्याचे क्षार पुनःपुन्हा स्फटिक करून त्यातून दोन धातू वेगळे केले. अमेरिकेत चार्ल्स जेम्सने शुद्ध थुलियमसाठी त्याच्या ब्रोमेटचं स्फटिकीकरण पंधरा हजार वेळा केलं. हा १९११ चा हिशेब.

भाचा : आता कोणी पंधरा हजार वेळा स्फटिक करत नाही.

मावशी : नाही. आता क्लोराइडचं पाणी एका बाजूने सोडतात आणि समोरून केरोसीन, ज्यात फॉस्फरसचं एक सेंद्रिय आम्ल विरघळवलेलं असतं. ढवळायचं, थांबायचं, तेल वर आणि पाणी खाली बसू द्यायचं. जड आयन तेलाकडे जरा जास्त ओढले जातात, हलके पाण्यात रेंगाळतात. प्रासिओडिमियम-निओडिमियमच्या जोडीत हा फरक दीडपटीच्या आसपास. दीडपटीने एका टाकीत काय होणार? म्हणून एकापुढे एक अशा शेकडो टाक्या. वर आणखी एक गोष्ट आहे. धातूचा एक आयन तेलात गेला की तीन हायड्रोजन आयन पाण्यात सुटतात. पाणी आंबट होत जातं आणि पुढचा आयन तेलात जायला तयार होत नाही. म्हणून सतत अमोनिया किंवा कॉस्टिक घालून आम्ल मारायचं. माल काढायला आम्ल आणि अल्कली पोत्यांनी आणि पिंपांनी लागते, आणि दुसऱ्या टोकाला खारट सांडपाणी निघतं.

भाचा : तू आता माझ्याच बाजूने बोलतेयस. आम्ल, अल्कली, सांडपाणी, टाक्या, म्हणजे खर्च. ज्याला खर्च परवडला, ज्याच्या सरकारने सांडपाण्याकडे काणाडोळा केला, तो जिंकला. दक्षिण चीनमध्ये डोंगराच्या मातीत अमोनियम सल्फेट ओतून डिस्प्रोसियम खाली उतरवून घेतात. नद्यांचं काय झालं हे जगाने पाहिलंय. आपण ती किंमत मोजली नाही, म्हणून मागे राहिलो. यात मिठाचा गुणधर्म कुठे आला?

मावशी : सांडपाण्याचं तुझं म्हणणं खरं आहे. पण काणाडोळा केला की शुद्ध निओडिमियम मिळतं, असं होत नाही. पेकिंग विद्यापीठातल्या श्यू ग्वांगश्येन यांच्यावर १९७२ च्या सुमारास हीच जोडी वेगळी करायचं काम आलं, प्रासिओडिमियम आणि निओडिमियम. तोवर टाक्यांची रांग जमवणं म्हणजे अंदाज आणि चाचण्या. श्यूंनी गणित मांडलं : किती टप्पे, कोणत्या टप्प्यावर किती तेल, किती आम्ल, शुद्धता कुठे किती येईल. कागदावर काढायचं आणि थेट कारखान्यात उतरवायचं. पुढे ते कारखान्यांतल्या लोकांना शिकवलं. २००८ चा त्यांच्या देशाचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार श्यूंना मिळाला. खाण तर त्यांच्याकडे आधीपासून होती. फरक पडला तो या गणिताने.

भाचा : आणि स्वस्त वीज, स्वस्त मजुरी, सरकारी पैसा?

मावशी : तेही होतं. मी पैशाला नाही म्हणत नाही. पैसा कुठे ओतायचा हे मीठ ठरवतं, एवढंच म्हणते. थांब, तुला दाखवते. हे घे.

भाचा : काय आहे?

मावशी : निओडिमियम क्लोराइड. शंभर ग्रॅम. दिसायला कोरडं आहे ना? यातलं तीस ग्रॅम पाणी आहे. तीसेक ग्रॅम क्लोरीन. तुझ्या कामाचं निओडिमियम चाळीस ग्रॅम. एकेका निओडिमियमभोवती पाण्याचे सहा रेणू आणि दोन क्लोराइड चिकटून असतात. तिसऱ्या क्लोराइडला पहिल्या ओळीत जागाच मिळत नाही, तो बाहेर असतो. आता बाटली गॅलरीत घेऊन जा. रंग सांग.

भाचा : जांभळट गुलाबी. छान आहे.

मावशी : आता आत ये, ट्यूबखाली धर.

भाचा : अरे! रंग उतरला. फिकट पडलं. थोडी निळसर-हिरवट झाक येतेय.

मावशी : मीठ तेच आहे. निओडिमियम प्रकाशातला पिवळ्याचा एक अरुंद पट्टा गिळतं, ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा. उन्हात सगळे रंग असतात, त्यातून एवढा पट्टा गेला की उरतं ते जांभळट दिसतं. ट्यूबच्या उजेडात रंग सलग नसतात, मोजक्या रेघा असतात. त्यातली हिरवी टर्बियमची, लाल युरोपियमची. म्हणजे ट्यूबच्या आतल्या लेपातही याचेच भाऊबंद. त्या रेघांतून काय गिळलं जातं आणि काय उरतं याचा हिशेब बदलतो आणि रंग बदलतो.

भाचा : गंमत झाली. पुढे?

मावशी : पुढे हे की हा पट्टा इतका अरुंद का? बहुतेक रंगीत क्षार रंगाचा रुंद पट्टा गिळतात. तांब्याचा मोरचूद बघ, पाणी गेलं की निळा रंगच जातो. निओडिमियमचं तसं नाही. क्लोराइड कर, नायट्रेट कर, काचेत घाल, पट्टा जवळजवळ तिथेच राहतो. कारण रंग देणारे चार-एफ इलेक्ट्रॉन अणूच्या आत खोल दडलेले असतात. बाहेर क्लोरीन आहे की ऑक्सिजन, त्याची त्यांना फारशी झळ लागत नाही.

भाचा : आणि याचा माझ्या रोटरशी काय संबंध?

मावशी : तुझ्या चुंबकातलं चुंबकत्व बहुतांश लोखंड देतं. पण लोखंड एका दिशेला टिकून राहत नाही. त्याला एका दिशेत जखडून ठेवतं ते निओडिमियम, त्याच दडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर. आणि इलेक्ट्रॉन आत दडलेले म्हणून बाहेरून सगळे भाऊबंद सारखे दिसतात, आणि वेगळे करायला शेकडो टाक्या लागतात. तुझ्या चुंबकाची ताकद, या बाटलीचा रंग आणि त्या टाक्यांची डोकेदुखी, तिन्हींचं कारण एक. ताकद हवी असेल तर डोकेदुखी टळत नाही. ती रेट देऊन टाळता आली असती तर जपानने केव्हाच टाळली असती.

भाचा : बरं. वेगळं झालं समजू. पुढे तरी सोपं असेल. हे मीठ वाळवा, वितळवा, वीज सोडा, धातू काढा.

मावशी : वाळव.

भाचा : म्हणजे?

मावशी : ही बाटली तापवलीस तर काय होईल?

भाचा : पाणी उडेल, मीठ उरेल.

मावशी : बरंचसं पाणी सुखाने जातं. शेवटचं पाणी जाताना घोळ करतं. त्यातला ऑक्सिजन निओडिमियमला सोडत नाही आणि हायड्रोजन क्लोरीनला घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने निघून जातो. मागे क्लोराइड राहत नाही, ऑक्सिक्लोराइड राहतं. ते वितळलेल्या मिठात नीट विरघळत नाही, गाळ होऊन बसतं. म्हणून वाळवताना वरून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सोडावा लागतो, नाहीतर नवसागर मिसळून तापवावं लागतं.

भाचा : नवसागर? कल्हईवाले वापरायचे तोच?

मावशी : तोच. अमोनियम क्लोराइड. तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा तांब्यावरचं ऑक्साइड क्लोराइड होऊन निघतं आणि कथील बसतं. इथेही काम तेच : धातूला चिकटू बघणारा ऑक्सिजन हुसकून तिथे क्लोरीन बसवायचा. निओडिमियमचं ऑक्साइड नवसागराबरोबर तापवूनही थेट कोरडं क्लोराइड करता येतं. प्रयोगशाळेत सोपं आहे, टनाच्या हिशेबात नवसागराच्या धुराचा बंदोबस्त करावा लागतो. आणि एवढं करून कोरडं केलेलं मीठ उघडं ठेवलंस तर हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं. एक लिटर पाण्यात हे जवळजवळ किलोभर विरघळतं, इतकी पाण्याची ओढ.

भाचा : समजा, कोरडं ठेवलं. साडेसातशे-आठशे अंशांना वितळवलं.

मावशी : ७५८ अंशांच्या आसपास वितळतं. वीज सोडलीस, धातू सुटला. आणि धातू त्याच वितळलेल्या मिठात परत विरघळायला लागला.

भाचा : स्वतःच्या मिठात?

मावशी : स्वतःच्याच. धातू आणि तीन भारांचं निओडिमियम मिळून दोन भारांचं निओडिमियम होतं. तू वीज खर्चून धातू काढतोस आणि मीठ तो खातं. म्हणून मोठ्या प्रमाणात निओडिमियम काढायला क्लोराइड वापरत नाहीत. वेगळं झालेलं द्रावण ऑक्झॅलेट किंवा कार्बोनेट म्हणून खाली पाडायचं, भाजून ऑक्साइड करायचं आणि ते ऑक्साइड फ्लोराइडच्या वितळलेल्या रसात, हजार अंशांच्या वर, विजेने फोडायचं. फ्लोराइडचा स्वभाव उलटा : पाण्यात विरघळत नाही, हवेतलं पाणी ओढत नाही. त्यामुळे वेगळं करायला ते निरुपयोगी आणि धातू काढायला उत्तम. क्लोराइड वेगळं करायला उत्तम आणि धातू काढायला तापदायक. पाण्याची जी ओढ पहिल्या कामात हवी, तीच दुसऱ्या कामात नको.

भाचा : म्हणजे हे दोन वेगळे कारखाने झाले. एक पाण्याचा, एक आगीचा.

मावशी : हो. आणि आपण सत्तर वर्षं मुख्यतः पहिल्यात, तोही अर्ध्यापर्यंत. हलक्या धातूंचं मात्र क्लोराइडवर भागतं. सेरियम आठशे अंशांच्या आतच वितळतं. वेल्सबाखने मिश्र क्लोराइड वितळवून मिश्र धातू काढला, त्यात लोखंड घालून लायटरच्या चकमकीचा खडा केला. १९०३ ची गोष्ट. ऑस्ट्रियातल्या ट्राइबाखचा त्याचा कारखाना त्याच मालावर मोठा झाला.

भाचा : आता माझं ऐक. निओडिमियमचं चुंबक जपानच्या सुमितोमोत आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये साधारण एकाच वेळी तयार झालं. जनरल मोटर्सकडे ज्ञान नव्हतं का? पेटंट होतं, कारखाना होता, स्वतःच्या गाड्या गिऱ्हाईक म्हणून होत्या. तरी १९९५ मध्ये त्यांनी आपली चुंबकाची कंपनी विकली, घेणाऱ्यांत चिनी भागीदार होते. आलुव्यातही २००४ च्या सुमारास मोनाझाइट फोडणं बंद झालं, कारण चीनचा माल आपल्या खर्चापेक्षा स्वस्त होता. तुझी माणसं तिथेच होती, टाक्या तिथेच होत्या, क्लोराइडला कोणी विचारत नव्हतं. ज्ञानाने कारखाना चालत नाही, ऑर्डरने चालतो. आम्ही खरेदीवाले तेव्हा दोन रुपये स्वस्त पाहून तिकडे गेलो. त्याचंच हे फळ.

मावशी : यावर मला उत्तर नाही.

भाचा : मग?

मावशी : मग एवढंच विचारते की आपण विकत होतो काय. ओडिशातल्या छत्रपूरला आज मिश्र क्लोराइड तयार होतं. त्यातला माल काही वर्षं विशाखापट्टणमच्या टोयोटा समूहातल्या कंपनीकडे जात होता. तिथे वेगळा होऊन जपानला जायचा. मिश्र मीठ आपण विकायचं आणि त्याच मिठातलं निओडिमियम चुंबकात बसून परत आलं की तू विकत घ्यायचं. गिऱ्हाईक नव्हतं हे खरं. पण आपल्या दुकानात तयार मालच नव्हता, हेही खरं.

भाचा : ठीक. पण मला सांग, सेरियमचं काय करायचं? एक किलो निओडिमियमसाठी दोन किलोंहून जास्त सेरियम निघणार. तुझी टाक्यांची रांग चालली तरी माल सगळा खपायला हवा. नाहीतर निओडिमियमवर सगळा खर्च बसतो आणि मला ते परवडत नाही. हा प्रश्न कोणत्या बाटलीत सुटतो?

मावशी : याच. सेरियमचं ऑक्साइड काच घासायला लागतं, पण लॅन्थॅनमचा मोठा खप क्लोराइड म्हणूनच होऊ शकतो. पेट्रोलच्या रिफायनरीत जड तेल फोडायचा जो उत्प्रेरक असतो, त्याच्या झिओलाइटमध्ये लॅन्थॅनम बसवतात, आणि बसवतात ते क्लोराइडच्या द्रावणातूनच. तिथे धातू लागत नाही, कोरडं मीठ लागत नाही, शंभर नंबरी शुद्धताही लागत नाही. त्याच घराण्यातलं लॅन्थॅनम ब्रोमाइड घे. थोडं सेरियम घालून वाढवलेला त्याचा स्फटिक गॅमा किरण पडले की चमकतो आणि किरणाची ऊर्जा जुन्या सोडियम आयोडाइडपेक्षा कितीतरी नेमकी सांगतो. तोही पाणी ओढतो, म्हणून धातूच्या डबीत हवाबंद करून विकतात. तू मधली पायरी म्हणालास. काही माल त्या पायरीवरच विकला जातो.

भाचा : हे मला पटतं, कारण यात गिऱ्हाईक आहे. आता सरकारचं बघ. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला सहा हजार टन चुंबकं देशात करायची. पैसा आला, लक्ष्य आलं.

मावशी : योजना कुठून सुरू होते?

भाचा : ऑक्साइडपासून. ऑक्साइडचा धातू, धातूचं मिश्रण, मिश्रणाचं चुंबक.

मावशी : म्हणजे तुझा आगीचा कारखाना त्यात आला. चांगलं झालं, तोच आपल्याकडे लुळा होता. पण ऑक्साइड कुठून येणार? क्लोराइडच्या टाक्यांतून. आणि डिस्प्रोसियम? आपल्या मोनाझाइटमध्ये ते नखभर. ते बाहेरून आणावं लागेल, नाहीतर जुन्या चुंबकांतून काढावं लागेल. जुनं चुंबक आम्लात विरघळवलंस की पुन्हा हातात येतं क्लोराइडसारखंच मीठ, आणि पुन्हा त्याच टाक्या.

भाचा : मला दहा वर्षांच्या खरेदीची हमी दे, टाक्या आपोआप उभ्या राहतील. माणसंही येतील.

मावशी : टाक्या राहतील उभ्या. रांग चालू केल्यावर आत धातूंची वाटणी स्थिर व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. मध्ये कोणी आम्लाचा नळ चुकवला की सगळं विस्कटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिथे उभा राहणारा माणूस दहा वर्षांच्या हमीने येत नाही, त्याला घडवायलाच दहा वर्षं लागतात. तेव्हा हमी आजपासून दे आणि माणूसही आजपासून घडव.

दोघांचे एकमत झाले नाही, आणि ते व्हायला हवे असेही नाही. भाच्याचा इतिहास चुकीचा नाही : आलुव्याला रसायन येत होते, तरी गिऱ्हाईक नव्हते म्हणून काम बंद पडले. पण आज गिऱ्हाईक दारात उभे असताना आपल्याला जे लगेच देता येत नाही, ते मावशीच्या बाटलीतले आहे. या लेखकाचे मत मावशीकडे झुकते. खरेदीची हमी एका निर्णयाने देता येते. एक पिकोमीटरपेक्षाही कमी फरकाच्या दोन धातूंना पाण्यात वेगळे करण्याची हातोटी आणि मिठातले शेवटचे पाणी काढण्याचे कसब निर्णयाने येत नाही. ते वर्षानुवर्षे टाक्या चालवत ठेवूनच येते. त्या टाक्या भाव पडले की बंद करायच्या आणि भाव चढले की पुन्हा आठवायच्या, ही चूक परवडणारी नाही.

वाचकांना एक विनंती. ‘अमुक राज्यात दुर्मीळ मृदांचा साठा सापडला’ ही बातमी अधूनमधून छापून येते. पुढच्या वेळी ती वाचाल तेव्हा साठ्याचे टन बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा : त्या खनिजात कोणते धातू किती प्रमाणात आहेत, त्यांचे क्लोराइड वेगळे कोण करणार आहे, आणि त्यातून धातू कोण काढणार आहे. तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर ती बातमी चुंबकाची नाही, फक्त वाळूची आहे.